राखणदार, सहा पिलर आणि तुमचं गेट

«फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना आहे. १९८७ मध्ये बाबांना प्लॉट मिळाला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, वळणावरच्या वडाखाली राखणदार देव आहे. बाबांनी कंपाउंडबाहेर दीड हात उंचीची चिऱ्यांची घुमटी बांधली. रोज संध्याकाळी वात आणि वर्षातून एकदा नारळ, एवढंच. बाबा गेले. पाच वर्षांपूर्वी वसाहतीतल्या काही जणांनी समिती काढून घुमटीवर पत्रे घातले, सोमवारची आरती सुरू केली. आता तिथे सहा पिलरचे गज वर आलेत आणि दिवाळीआधी स्लॅब घालायचं चाललंय. गज आल्यापासून कागदाच्या रिळांचा ट्रेलर तीनदा मागे-पुढे करून आत येतो. फेब्रुवारीत घुमटीच्या वर्धापनदिनाला तर तो पाच तास रस्त्यावर अडकला होता. समितीला माझ्याकडून ना हरकत पत्र हवंय, कंपाउंडची भिंत तीन मीटर आत घ्यायला हवीय आणि ५१ हजार रुपये हवेत. बदल्यात बाबांच्या नावाची संगमरवरी लादी. अध्यक्ष बाबांचे मित्र, मी त्यांना काका म्हणते. खजिनदार आमचाच फोरमन. मी कुरकुरले की म्हणतात, 'पलीकडच्या शेडमध्ये दर रविवारी प्रार्थना चालते, ती आधी बंद करून दाखव.' न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतो, तिकडे गोदामांतसुद्धा देवळं असतात, तू उगाच घाबरतेस. तक्रार करायची तर कोणाकडे? आणि उद्या देऊळ पाडलं गेलं तर ते पाप माझ्या माथी का?»
– एक उद्योजिका, फोंडा तालुका

ताई,

भिंत हलवू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण भिंतीचं आजच ठरवून टाका. समितीच्या तीन मागण्यांत खरी महाग हीच आहे. ५१ हजार गेले तर गेले म्हणता येतं. भिंतीचं तसं नाही.

तुमचा प्लॉट तुमच्या मालकीचा नाही. गोवा औद्योगिक विकास महामंडळाने तो लीजवर दिलाय. १९६५ च्या कायद्याखाली झालेल्या या महामंडळाने वसाहती आखल्या आणि प्लॉट दिले ते उद्योग चालवायला. कपाटातून करार काढा. जागेचा वापर कशासाठी करायचा हे सांगणारं कलम आणि ताबा दुसऱ्याला न देण्याचं कलम, ही दोन शांतपणे वाचा. तुम्ही भिंत आत घेतली आणि त्या पट्ट्यात सभामंडप आला, तर करार कोणी मोडला? समितीने नाही, कारण समितीचा करार कुठे आहे! मोडला तुम्ही. पुढे कधी लीज मुलाच्या नावावर करायची वेळ आली, बँकेत कर्ज काढायचं झालं, की तो पट्टा मोजणीत वर येणार. शिवाय भिंत आणि शेड यांच्यामधली जागा, म्हणजे सेटबॅक, रिकामी दिसते म्हणून ती फुकटची नसते. तेवढी सोडली म्हणून तुमचा नकाशा पास झाला. आग लागली तर बंब तिथूनच फिरणार आहे.

हे मी अधिकाराने बोलतोय, कारण माझं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं. एका आर्किटेक्टच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होतो. तरुणपणीची गोष्ट सांगतो. एका कारखानदाराला गेटजवळ छोटं देऊळ हवं होतं, पण नकाशात 'देऊळ' लिहिलं असतं तर फाइल अडली असती. साहेब म्हणाले, 'वॉचमन केबिन' लिही. मी लिहिलं. वर्षभराने तिकडे गेलो तर केबिनला शिखर आलेलं! मालक हसत म्हणाला, "राखणदार म्हळ्यार वॉचमनच न्ही? फट कितें बरयलां तुवें?" (राखणदार म्हणजे वॉचमनच ना? खोटं काय लिहिलंस तू?) आम्ही सगळेच हसलो. पुढे त्याच केबिनपुढे गर्दी जमायला लागली, गेट अरुंद पडलं आणि तोच मालक आमच्याकडे आला, गेट दुसऱ्या बाजूला काढायचा नकाशा घेऊन. तो नकाशाही मीच काढला. त्यामुळे तुम्हाला उपदेश करताना माझीही मान जरा खालीच आहे.

आता ना हरकत पत्र. घुमटी आणि ते पिलर कंपाउंडबाहेर, म्हणजे महामंडळाच्या मोकळ्या जागेत किंवा रस्त्याच्या हद्दीत. जी जागा तुमची नाही तिच्याबद्दल तुमची हरकत असली काय, नसली काय! त्या कागदाने बांधकाम एक इंचही कायदेशीर होत नाही. मग ते मागतात कशाला? तुमच्यासाठीच. उद्या ट्रेलर अडकला आणि तुम्ही तोंड उघडलंत की तो कागद तुमच्यापुढे धरला जाईल: तेव्हा सही केली होती ना? म्हणून सही नाही. "माझ्या मालकीची जागा नाही, मी कशी देऊ?" एवढंच म्हणा. हे खरंही आहे आणि यात कोणाचा अपमानही नाही.

समिती तुम्हाला आणखी तीन-चार गोष्टी ऐकवेल. एक म्हणजे पंचायतीचा नंबर काढतो. गोव्यात घरपट्टीचा नंबर मिळाला की बांधकाम पक्कं झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. पंचायतीने पट्टी घेतली म्हणजे जमीन दिली असं होत नाही. दुसरं, 'रेग्युलराइझ करून घेऊ.' बेकायदा बांधकामं नियमित करण्याचा गोव्याचा २०१६ चा कायदा आहे खरा, पण तो स्वतःच्या जमिनीतल्या, २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांसाठी आला. हे पिलर दुसऱ्याच्या जमिनीत, आणि तेही यंदाचे. तिसरं, कोणीतरी १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा काढेल. त्याचा इथे काही संबंध नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला जे स्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच राहावं, एवढ्यापुरता तो आहे. नवीन स्लॅबला तो छत्री धरत नाही.

संबंध आहे तो वेगळ्याच आदेशाचा. २००६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या एका आदेशावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २९ सप्टेंबर २००९ रोजी सांगितलं गेलं की रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर देऊळ, चर्च, मशीद, गुरुद्वारा, कशाच्याही नावाने नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. आणि जी आधीपासून उभी आहेत त्यांचं काय करायचं ते राज्यांनी एकेक प्रकरण पाहून ठरवायचं. २०१८ मध्ये या आदेशाच्या अंमलबजावणीवरची देखरेख उच्च न्यायालयांकडे दिली गेली.

या आदेशात 'नवं' आणि 'आधीपासूनचं' असे दोन रकाने आहेत. तुमच्या बाबांची दीड हाताची घुमटी १९८७ ची, ती एका रकान्यात. सहा पिलर दुसऱ्या रकान्यात. समिती दोन्हींना मिळून 'देवस्थान' म्हणते आणि तुम्हीही पत्रात तसंच धरून चाललाय, म्हणून तुमचा जीव अडकलाय. घुमटीबद्दल राज्याला विचार करायला वाव आहे: ती जुनी आहे, लहान आहे, कोणाच्या वाटेत नाही. स्लॅबबद्दल तसा वाव कोणालाच ठेवलेला नाही. बाबांच्या वेळचा एखादा फोटो सापडला, घुमटीच्या मागे वसाहतीचा उघडा माळ दिसतोय असा, तर तो जपून ठेवा. घुमटी वाचवायला तोच कागद उपयोगी पडणार आहे. घुमटी वाचवणाऱ्या तुम्ही आहात, हे समितीच्या लक्षात यायलाही.

पाप माथी येईल का, असं विचारलंत. आत्ता तिथे देऊळ नाही. सळ्या आहेत, वाळूचा ढीग आहे, बहुतेक एक सिमेंटची पिशवी प्लास्टिकखाली भिजत असेल. हे थांबवलं तर देऊळ पाडलं असं कोण म्हणेल? दिवाळीनंतर मात्र गोष्ट वेगळी. स्लॅब पडला, मूर्ती बसली, प्राणप्रतिष्ठेला आमदार येऊन गेले की मग त्या जागेला हात लावायची हिंमत ना अधिकाऱ्याला होईल ना तुम्हाला. आणि कधीतरी, दहा वर्षांनी, कोणा तिसऱ्याच्याच अर्जावरून नोटीस आली तर तेव्हा खरोखर पूजेतलं देऊळ पाडावं लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुठलंही बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी असं बजावलं, पण रस्त्यासारख्या सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाला ते संरक्षण दिलेलं नाही. पापाचाच हिशोब मांडायचा तर आज गप्प बसणं मला जास्त भारी वाटतं.

यावर काका म्हणतील, देवाला जागेवरून हलवता येत नाही, म्हणून मंडप इथेच हवा. फोंड्यात बसून हे म्हणणं मोठं धाडसाचं आहे हो! अर्धा फोंडा तालुका हललेल्या देवांचा आहे. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला १५६० मध्ये. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. म्हाळसा तर वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, आणि वेर्ण्यात आज गोव्यातली सगळ्यात मोठी औद्योगिक वसाहत आहे. जुन्या वेर्ण्यात म्हाळसेचं देऊळही नव्याने उभं राहिलंय. ते देव पोर्तुगिजांच्या धाकाने हलले, हौसेने नाही, हे मला मान्य आहे. तुलना तंतोतंत नाही. पण हलवल्याने देवपण कमी होत नाही, हे तेव्हा आपल्याच पूर्वजांनी ठरवलं, विधी करून, गाऱ्हाणं घालून. वीस पावलांवर, रस्त्याच्या हद्दीपलीकडे, महामंडळाने लेखी दाखवलेल्या जागी घुमटी नेता आली तर तीही तशीच नेता येईल. समितीला हवं तर देवाचा कौल-प्रसाद घेऊ द्या. फक्त कौल घुमटी हलवण्याबद्दल लावायचा, सेटबॅकबद्दल नाही. सेटबॅकचा कौल महामंडळाच्या तांत्रिक विभागातच लागतो.

आणि खरं सांगायचं तर राखणदाराला सभामंडप कशाला? आपल्याकडे राखणदार हा उघड्यावरचा देव. तो रात्री हातात दांडा घेऊन शिवेवर फिरतो, असंच आपण लहानपणापासून ऐकलं. त्याला रोट लागतो, नारळ लागतो, काही ठिकाणी विडी आणि थोडी फेणीही. स्लॅबखाली बसवून ट्यूबलाइट लावलेला राखणदार मी तरी कुठे ऐकला नाही. हे कायद्याचं नाही, माझं मत आहे. काकांशी बोलताना वापरून बघा, पण हसत हसत.

रविवारच्या शेडबद्दल मात्र हसण्यावारी नेऊ नका. इथे समिती अर्धी बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात ती तुम्हाला फसवतेय.

तुमच्या मावसभावाचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत आपल्या लोकांची कितीतरी देवळं आधी गोदामात सुरू झाली, चर्च आणि मशिदीही. कारण साधं आहे: भाडं कमी, पार्किंग मोठं, रविवारी शेजारी कोणी नाही. तिथल्या नगरपालिका हरकत घेतात तीही साधीच: कारखान्यांची जागा जाते, कर बुडतो, शेजारी रसायनं साठवलेली असतात. २००० साली तिथे त्यासाठी केंद्रीय कायदाच झाला. जागावापराचे नियम लावताना एखाद्या धर्मसंस्थेवर मोठं ओझं टाकायचं असेल तर नगरपालिकेला तितकंच जबर कारण दाखवावं लागतं, आणि इतर सभागृहांना परवानगी असेल तिथे प्रार्थनेच्या सभेला मनाई करता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे घटनेतली धर्मस्वातंत्र्याची पंचविसावं आणि सव्विसावं कलमं आहेत, आणि ती दोन्ही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवलेली आहेत. भावाला सांगा, न्यू जर्सीतल्या त्या गोदामाने आधी पार्किंगचा आराखडा दाखवून परवानगी घेतली असेल. रात्रीत गज उभे केले नसतील.

पलीकडच्या शेडमधले लोकही त्याच कारणांनी तिथे आले असणार. वस्तीत भाड्याने हॉल मिळत नाही, मिळाला तर शेजारी ओरडतात, म्हणून रविवारी बंद असलेली शेड. त्यांची तुम्हाला दया आली तर त्यात वावगं काही नाही. पण नियमाने बघितलं तर उद्योगासाठी घेतलेल्या शेडमध्ये दर आठवड्याला बाहेरच्या शंभर माणसांची सभा हा वापरातला बदल आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत माणसं जमण्याच्या इमारतींचा वर्ग वेगळा आणि कारखान्यांचा वेगळा धरलाय, ते उगाच नाही. कारखान्याच्या शेडमध्ये दहा माणसं असतात आणि ती रोजची असतात. शंभर माणसांना दोन बाजूंनी बाहेर पडता यायला हवं. धर्म कुठलाही असो, दार तेवढंच लागतं.

म्हणजे शेडचा प्रश्न आहे. पण तो सोडवायची जबाबदारी तुमची कशी? 'आधी ते बंद कर' यातली मेख अशी की तुम्ही रविवारच्या लोकांविरुद्ध अर्ज केलात तर समितीचं काम फुकटात झालं, आणि नाही केलात तर तुमचं तोंड बंद. दोन्हीकडून त्यांचाच फायदा. मी तुमच्या जागी असतो तर म्हणालो असतो: "काका, त्यांच्या शेडमुळे माझा ट्रेलर अडकत नाही, तुमच्या पिलरमुळे अडकतो. पण महामंडळाने पूर्ण वसाहतीची पाहणी केली आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली तर मी आडवी येणार नाही." आणि पत्र लिहाल तेव्हा त्यात शेडचा उल्लेख करू नका. केलात तर पत्र वाचणारा माणूस त्यावर 'जातीय वाद' असा शेरा मारून फाइल बाजूला सारेल, मग वर्षभर तुमचं गेट त्या फाइलखाली दबलेलं राहील.

कारखान्यातल्या कारखान्यात पूजाअर्चा हा वेगळा विषय, त्याबद्दल घाबरू नका. ऑफिसातला देव्हारा, दसऱ्याला यंत्रांना हार, ओडिशाच्या पोरांची १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा, हे सगळं तुमच्या छपराखाली, तुमच्याच माणसांचं आहे. उलट कामगार म्हणाले की सोमवारी आरती करायचीच आहे, तर तुमच्या कॅन्टीनपाशी कोपरा द्या. ज्यांना मनापासून आरती हवी ते तिथे येतील. ज्यांना स्लॅब हवा ते येणार नाहीत. कोण कोण ते तुम्हालाही कळेल.

तुमच्या धंद्याबद्दल एक गोष्ट पत्रात सुटली आहे आणि मला ती सगळ्यात काळजीची वाटते: तुमच्याकडे क्राफ्ट पेपर, म्हणजे बॉक्सचा तपकिरी कागद आहे. रीळ पेटलं तर ते आतून धुमसत राहतं. वरची ज्वाळा विझली म्हणून भागत नाही, तासनतास पाणी मारावं लागतं, म्हणजे बंबाची ये-जा चालू राहायला हवी. वर्धापनदिनाला समिती फटाके लावते का? लावतेच, आपल्याकडे फटाक्यांशिवाय काही होत नाही. वळणावर दुचाक्यांची रांग, मंडपाचे बांबू, वर ठिणग्या, आणि वीस फुटांवर तुमची उघड्या शटरमधली रिळं. हे चित्र अग्निशमन दलाच्या माणसाला एकदा जागेवर येऊन दाखवा. तुमच्या अर्जात देवाचं नावही यायची गरज नाही.

दुसरी बाजूही बघा. आज तुम्हाला त्यांचा त्रास, उद्या त्यांना तुमचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ डेसिबलपर्यंत मुभा आहे, निवासी भागाला ५५. त्याच नियमांत शांतता क्षेत्राच्या वर्णनात इस्पितळं, शाळा आणि न्यायालयांबरोबर धार्मिक स्थळांचंही नाव आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होत नाही, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण ज्या दिवशी तिथे मान्यताप्राप्त देवस्थान झालं त्या दिवसापासून तुमच्या बॉयलरच्या धुराबद्दल, रात्रपाळीच्या खडखडाटाबद्दल तक्रार करायला एक समिती कायमची शेजारी आली. गोव्यात दारूच्या परवान्याला देवस्थानापासूनचं अंतर मोजतात हे तुम्हाला माहीत आहेच. देवस्थान हा नकाशावर पडणारा ठिपका असतो, आणि ठिपका पडला की भोवतालच्या जागेचे नियम बदलू शकतात. वसाहतीतल्या इतर कारखानदारांना हे सांगून बघा. देवाच्या भीतीने गप्प असलेले दोघे-चौघे तरी यावर बोलायला लागतील.

पत्र वसाहतीच्या फिल्ड मॅनेजरला लिहायचं. प्रत महामंडळाच्या पणजीतल्या मुख्य कार्यालयाला, एक प्रत अग्निशमन दलाला. आवक शिक्का मारून घ्या, व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका. मजकूर अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. साधारण असा:

"प्लॉटसमोरच्या वळणावर रस्त्याच्या हद्दीत बांधकाम सुरू झाल्याने मालवाहू ट्रेलर आणि अग्निशमन वाहन यांना वळायला पुरेशी जागा उरलेली नाही. सोबत फोटो जोडले आहेत. जागेची आखणी करून रस्त्याची हद्द दाखवावी व तोवर पुढील काम थांबवावे, ही विनंती. या जागी १९८७ पासून असलेली लहान घुमटी जपण्यास अथवा आपण दाखवाल त्या जागी सन्मानाने हलवण्यास आमचे सहकार्य राहील."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच एका वाक्यावर तुम्ही वसाहतीत मान वर करून फिरणार आहात.

त्याच दिवशी माहिती अधिकारात वेगळा अर्ज टाका: वसाहतीचा मंजूर आराखडा, त्यात ती जागा काय म्हणून दाखवली आहे, आणि तिथे कुठल्या बांधकामाला परवानगी दिली आहे का. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आराखड्यात 'ओपन स्पेस' किंवा 'रोड' निघालं की वाद मिटला. फिल्ड मॅनेजर हलला नाही आणि गेट खरोखर बंद पडायला लागलं तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. सार्वजनिक रस्त्यातला अडथळा दूर करायला लावायचा अधिकार त्यांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने आहे (जुन्या फौजदारी प्रक्रियेत ते १३३ वं कलम होतं). ते मात्र शेवटचं ठेवा. तिथे गेलात की काकांशी बोलणं संपलं.

म्हणून पत्र द्यायच्या आदल्या दिवशी काकांच्या घरी जा. कारखान्यात बोलावू नका, समितीच्या बैठकीत तर अजिबात जाऊ नका. तिथे चार जणांसमोर त्यांना माघार घेता येणार नाही. पत्राची प्रत हातात द्या आणि सांगा, उद्या हे देणार आहे, तुम्हाला आधी दाखवायला आले. बाबांचा तो जुना फोटो न्या. ते चिडतील. चिडू द्या, चहा घेऊन या.

फोरमनला यातलं काही करायला लावू नका. निरोप पोचवायचा नाही, समितीत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. खजिनदारपद सोड असंही सांगू नका. तो सोमवारी समितीचा आणि बाकी सहा दिवस तुमचा आहे. त्याला एकाची निवड करायला लावलीत तर तुम्ही हराल, आणि कोरुगेटर चालवणारा चांगला माणूस आज फोंड्यात मिळत नाही.

५१ हजारांचं विचाराल तर आधी समितीचं बँक खातं कोणाच्या नावाने आहे ते विचारा. संस्था नोंदणीकृत नसेल आणि पैसे रोख मागत असतील तर एक रुपयाही नको. घुमटी नव्या जागी न्यायची ठरली तर चिरे, गवंडी आणि भटजींची दक्षिणा तुम्ही द्या, थेट त्यांच्या त्यांच्या हातात. लादी नको म्हणा. बाबांनी १९८७ मध्ये ती घुमटी बांधली तेव्हा तिच्यावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

आता या रविवारी करायचं काम. रिकामा ट्रेलर मागवा, नेहमीचाच ड्रायव्हर. एका पोराच्या हातात चुन्याचं पातेलं द्या आणि ट्रेलर वळताना मागच्या चाकामागून चुना टाकत चालायला सांगा. पुढचं चाक बघू नका. लांब गाडीचं मागचं चाक नेहमी आत कापत येतं, आणि घात तिथेच होतो. चुन्याची रेघ किती गजांना चिकटून जाते ते मोजा, गेटवर चढून वरून फोटो काढा. माझा अंदाज दोन सळ्या तरी रेघेच्या आत निघतील. काकांकडे जाताना जुन्या फोटोबरोबर हाही फोटो न्या, आणि आधी हाच दाखवा.